खिडकीतल्या गोळ्या

लोणखेडा, ता. शहादा
१२ डिसेंबर २०२४

चि. रिना हीस,

आज गुरुवार. सकाळी आईला घेऊन शहाद्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी थेंब बदलून दिले. परत येताना दिनेशच्या केळीत उतरलो. एका ओळीचं ठिबक तुंबलं होतं, ते साफ केलं. दुपारी कॉलेजच्या ऑफिसात गेलो. परीक्षेच्या फॉर्मची गर्दी होती. संध्याकाळी जेवलो आणि हे लिहायला बसलो.

पत्र का लिहितो ते आधी सांगतो. तू या घरात आल्यापासून आपण एकमेकांशी बोललेलो नाही. जेठाने भावजयीशी बोलायचं नाही आणि भावजयीने जेठापुढे पदर ढळू द्यायचा नाही, ही आपल्याकडची रीत. तू चहाचा कप उंबऱ्यावर ठेवून बांगड्या वाजवायचीस, मी उठून घ्यायचो. काही सांगायचं असलं तर मी सीमाला सांगायचो, ती जाऊ म्हणून तुला सांगायची. आणि मधे दिनेश होताच. आता तो नाही. तुला फोन लावला तर तू तो तुझ्या आईच्या हातात देशील, आणि तू बोललीस तरी मला काही बोलता येणार नाही. कागदावर लिहिलं तर रीत मोडत नाही असं मी धरून चालतो. आईला विचारलेलं नाही.

पोलिसांचं काम संपलं. त्यांनी आत्महत्या लिहिलं आहे आणि कारण मानसिक आजार. गावात मात्र लोक अजून कारण विचारतात. कर्ज होतं का, घरात भांडण होतं का. यातलं काहीच नव्हतं. मी 'आजारी होता' एवढंच सांगतो. काल रस्त्यात एकाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आजारी कसाना? दिवाईले मन्हासंगे हासना बी." मी पुढे गेलो.

महिना झाल्यावर कुंदन तुला माहेरी घेऊन गेला ते बरं झालं. तिथे तुझी आई आहे, भाऊ आहे. आई इथे दिवसभर ओट्यावर बसून असते. आज म्हणाली, "दिन्यानी बायको जेवस का नही, इचार." म्हणून विचारतो. तू जेवतेस का? काजलच्या शाळेचं काय करायचं ते तू ठरव. घाई नाही.

उमाकांत


खांडबारा
२२ डिसेंबर २०२४

ती. दादा यांना साष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. पोस्टमन दुकानात देऊन गेला. कुंदनने पाकीट उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "ताई, कोर्टनी नोटीस शे का?" मी म्हटलं, जेठांचं पत्र आहे. तो म्हणाला, "एका घरमा ऱ्हाईसन बोलनात नही, आते टपालथीन बोली ऱ्हायनात." आईने त्याला दटावलं. पण मला बरं वाटलं.

मी जेवते. काजलला इथल्या शाळेत बसू देतात, नाव अजून लोणखेड्याच्याच शाळेत आहे. मी दुपारी कुंदनच्या दुकानात बसते. वह्या-पेन, मोबाइलची कव्हरं, असं दुकान आहे. गिऱ्हाईक काय मागतं ते कधी कधी दोनदा विचारावं लागतं. स्टेशन जवळ असल्याने पहाटे मालगाडी जाते, तेव्हा जाग येते. बाकी काही नाही.

सासूबाईंना सांगा, मी जेवते.

आपली,
रिना


लोणखेडा
३ जानेवारी २०२५

चि. रिना हीस,

पत्र मिळालं. आईला वाचून दाखवलं, कुंदनचं बोलणं सोडून. नवीन जागेत आणि गाडीच्या आवाजात झोप मोडणारच. सवय होईल. सीमा म्हणते, कापसाचे बोळे कानात घालावे.

केळीचे घड उतरवले. व्यापाऱ्याचा माणूस 'दिनेशभाऊ कोठे शे' म्हणाला. त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलं. त्याने गाडी भरली. जाताना माझ्या हातात एक केळं ठेवून गेला, आमच्याच शेतातलं.

मला एक विचारायचं आहे. दोन वर्षांपूर्वी दिनेशचं दुखणं सुरू झालं तेव्हा ते पोटाचं आहे असं आपण सगळे समजत होतो. जेवण जात नव्हतं, अंग दुखायचं, पहाटेपासून जागा असायचा. शेतात जाऊन बांधावर नुसता बसायचा. आईने भगताकडे नेलं, मी सलाईन लावून आणलं. शेवटी मागच्या होळीच्या सुमारास आमच्या कॉलेजातल्या एका सरांनी सांगितलं म्हणून मी त्याला नंदुरबारला मनोविकाराच्या डॉक्टर मॅडमकडे नेलं. त्यांनी याला नैराश्य म्हणतात असं सांगितलं. हा स्वभाव नाही आणि आळसही नाही, आजार आहे, खूप लोकांना होतो आणि उपचाराने बरा होतो, असं म्हणाल्या. गोळी लागू पडायला दोन-तीन आठवडे जातात हेही त्यांनी आधीच सांगितलं होतं. तसंच झालं. दुसऱ्या महिन्यात तो मोटर दुरुस्त करायला स्वतः विहिरीवर गेला होता.

श्रावणात तर तो चांगलाच होता. मग दिवाळीनंतर असं कसं झालं? माझ्या डोक्यात हे दिवसभर असतं. ऑफिसात बेरीज चुकते. तुला काही ठाऊक असेल तर लिही. नसेल लिहायचं तर लिहू नकोस.

उमाकांत


खांडबारा
१९ जानेवारी २०२५

ती. दादा यांना साष्टांग नमस्कार.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

श्रावणात घरी कानबाई मातेच्या नैवेद्याचे रोट होते. रोटाचं पीठ संपेपर्यंत काही दिवस घरातल्या माणसाने दुसरं काही तोंडात घालायचं नाही. ह्यांची गोळी मी नेहमीसारखी तांब्याजवळ ठेवली, तर सासूबाई म्हणाल्या, "रोट शेतस. आते दवाखानानं काही तोंडमा घालू नको." ह्यांनी लगेच ऐकलं. ह्यांनाही ती गोळी नकोच होती. तोंड कोरडं पडतं म्हणायचे. मित्रांनी पाहिलं तर काय म्हणतील, असंही होतं.

ते दिवस चांगले गेले. हे पाहुण्यांत बसले, गाणी म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, "देख, मातानी बरा करा." त्यानंतर गोळी पुन्हा सुरू झालीच नाही. मी आठवण केली की म्हणायचे, "आते बरा शे ना मी? बरा माणूस गोळ्या खास का?"

तुमचं त्यांनी ऐकलं असतं. पण तुम्हाला सांगणार कोण? सीमाताई लेकीच्या बाळंतपणाला सुरतेला होत्या. फोनवर सांगायचं तर सासूबाई शेजारी. मग मी न उघडलेल्या पट्ट्या तुमच्या बैठकीच्या खिडकीत ठेवल्या. तिथे तुम्ही रोज पेपर वाचता. वाटलं, भरलेल्या पट्ट्या बघाल आणि तुमच्या लक्षात येईल. तुम्ही त्या उचलल्या, नीट पाहिल्या, आणि कपाटात ठेवून दिल्या. मी दाराआडून बघत होते. दुसऱ्या दिवशी मी परत खिडकीत ठेवल्या. तुम्ही परत कपाटात ठेवल्या. मग मी सोडून दिलं.

उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकून बोलले असते तर हे आज असते. फार तर सासूबाई चार दिवस रागावल्या असत्या. तेवढ्यासाठी मी ह्यांना मारलं. दुसरं काही डोक्यात येत नाही. काजल आई म्हणते तेव्हा वाटतं, ही कोणाला हाक मारते.

रिना


लोणखेडा
२८ जानेवारी २०२५

चि. रिना हीस,

तुझं पत्र आल्यावर मी दोन दिवस काही लिहू शकलो नाही. तिसऱ्या दिवशी रजा टाकून नंदुरबारला डॉक्टर मॅडमकडे गेलो. दुसरं कोणाला विचारावं ते मला कळेना.

त्यांच्याकडे गर्दी होती. माझ्या शेजारी धडगावकडून आलेला एक म्हातारा बायकोला घेऊन बसला होता. बाई सारखी उठायची, छातीवर हात ठेवायची, आता जीव जाणार म्हणायची. तो मला म्हणाला, हृदयाचे सगळे फोटो काढून झाले, हृदय चांगलं आहे, म्हणून इथे पाठवलं. भीतीचाही आजार असतो आणि त्यालाही औषध असतं हे मला तेव्हा कळलं. आपल्याला एका आजाराचं नाव कळायला एवढे दिवस लागले. असे किती आहेत कोण जाणे.

मॅडमना दिनेश आठवत होता. गेला म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. मी तुझ्या पत्रातलं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, गोळी बंद केल्यावर काही आठवडे माणूस चांगला असतो, म्हणूनच सगळे फसतात. बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा-नऊ महिने गोळी चालू ठेवायची असते, आणि सोडायची तर डॉक्टरला विचारून, हळूहळू. नाहीतर आजार परत येण्याची शक्यता वाढते. पण चालू ठेवली असती तर तो नक्की वाचला असता, असं त्याही सांगू शकत नाहीत.

मी विचारलं, "मग चूक कोणाची?"

त्या म्हणाल्या, "साखरेच्या आजाराने माणूस गेला तर तुम्ही चूक कोणाची विचारता का?"

मी म्हटलं, "विचारतात. पेढे कोण आणून द्यायचं ते विचारतात."

त्या थोडं हसल्या. मग म्हणाल्या, "तो शेवटच्या तारखेला आला नाही, मी फोन केला नाही. मीही असं घेऊन बसू का? बसले तर बाहेरचे हे सगळे कोण बघणार?"

खिडकीतल्या पट्ट्या मी पाहिल्या होत्या. तू नवीन आणून ठेवल्यास असं मला वाटलं. उन्हात ठेवू नये असं त्यांच्यावर छापलेलं असतं, ते वाचून मी आत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिसल्या तेव्हा वाटलं, हिला सांगायला हवं की खिडकीत ऊन येतं. पण सांगणार कसं? तू दाराआड, मी दारापुढे, आणि दोघांना एकच गोष्ट बोलता आली नाही. यात तू एकटी कुठे आहेस?

मॅडमनी तुझं विचारलं. मी म्हटलं, जेवते, दुकानात बसते, पहाटे गाडीने जाग येते. त्या म्हणाल्या, "गाडी गेल्यावर परत झोप लागते का, ते विचारा." त्यांनी सांगितलं, दुःख लाटेसारखं येतं आणि थोडं ओसरतं. मधे माणूस कोणाशी हसतो, भूक लागते. आजारात तसं ओसरत नाही, आणि माणूस सगळा दोष स्वतःवर घेतो, आपण नकोसे आहोत असं त्याला वाटतं. तू लिहिलं आहेस त्यात मला दोन्ही दिसतं, पण मी डॉक्टर नाही. एकदा त्यांना भेटशील का? कुंदनला सांग. त्यांनी दिलेला १४४१६ हा नंबर लिहितो. तो सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात, आणि समोरचा तुला ओळखत नसतो.

उमाकांत


खांडबारा
१२ फेब्रुवारी २०२५

ती. दादा यांना नमस्कार.

पत्र मिळालं. माझ्यासाठी तुम्ही रजा टाकली, त्रास झाला. आता नका टाकू.

काजलला कुंदनबरोबर शनिवारी पाठवते. तिचं नाव तिकडच्या शाळेत आहे, तिकडेच राहू दे. सीमाताई तिचं चांगलं करतील. तिला वांगं आवडत नाही. रात्री पाय दुखतात म्हणते, तेव्हा थोडं तेल लावावं.

माझं आता बरं आहे. काळजी नसावी.

रिना


लोणखेडा
१५ फेब्रुवारी २०२५

चि. रिना हीस,

काजल पोहोचली. कुंदन चहा घेऊन लगेच परत निघाला, दुकान उघडायचं म्हणून. तुझ्या पत्राने मला खूप हलकं वाटलं. तू मुलीच्या शाळेचा नीट विचार केलास, आणि तुझं बरं आहे हेही लिहिलंस. मी आईला सांगितलं, रिना सावरली. आई म्हणाली, "माताले नारय देऊ."

काजल आल्याबरोबर आजीजवळ ओट्यावर बसली. दोघी शेंगा सोलत आहेत. सोमवारी मी तिला शाळेत सोडून ऑफिसात जाईन. सीमा तिची बॅग उघडते आहे. थंडीचे, पावसाचे सगळेच कपडे दिले आहेत म्हणते, आणि तुझे कानातले एका रुमालात बांधून

सीमा बोलावते आहे.


खांडबारा
२३ मार्च २०२५

ती. दादा यांना साष्टांग नमस्कार.

तुमचं अर्धं पत्र माझ्याजवळ आहे. त्या दिवशी तुम्ही ते खिशातून काढून माझ्या हातात दिलं होतं. मी ते दवाखान्यात वाचलं.

मला त्या दिवसाचं फार आठवत नाही, पण तुम्ही आलात ते आठवतं. दुपार होती. मी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. ओसरीवर आईचा आवाज आला, "रिना, तुन्हा जेठ उनात," आणि मी उठून पदर ओढला. मला वाटलं तुम्ही बाहेर बसाल, कुंदन पाणी देईल, जाल. तुम्ही खोलीच्या दारात आलात. मागे सीमाताई होत्या. तुम्ही म्हणालात, "रिना."

तुमचा आवाज एवढा बारीक असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. घरात तुम्ही गड्यांना हाक मारायचात तेव्हा तो मोठा वाटायचा.

मग तुम्ही विचारलंत, "तुझ्या मनात मरायचं येतं का?"

आई ओरडली. अशुभ बोलू नका म्हणाली. कुंदन मधे आला, "दादा, काय बोली ऱ्हायनात तुम्ही! तिना डोकामा टाकी ऱ्हायनात का?" तुम्ही त्याला म्हणालात, "विचारल्याने येत नाही. मी डॉक्टरला फोन करून आलो आहे." आणि परत माझ्याकडे बघून तेच विचारलंत. सीमाताईंना मधे न घेता. मी पदराआडून हो म्हटलं. मग पदर मागे घेतला आणि पुन्हा म्हटलं, कारण पहिल्यांदा म्हटलं ते मलाच ऐकू आलं नव्हतं.

तुम्ही दारातच खाली बसलात. कोणीतरी गाडी बघा, असं म्हणालात.

दवाखान्यात सुरुवातीचे दिवस मला राग यायचा. तुमचा, मॅडमचा, सगळ्यांचा. गोळीने मळमळायचं, हात थरथरायचे. मॅडम म्हणाल्या, हे काही दिवसांत कमी होईल, गुण त्यानंतर येईल, उलटं होत नाही. माझी गोळ्यांची पिशवी त्यांनी सीमाताईंकडे ठेवायला सांगितली आणि मला एकटीला सोडायचं नाही असं बजावलं. सीमाताई खुर्चीत झोपायच्या आणि घोरायच्या. हे त्यांना सांगू नका.

आता घरी आहे. आठवड्यातून एकदा चेतना मॅडमकडे जाते. त्या औषध देत नाहीत, बोलतात. म्हणजे मीच बोलते. परवा त्यांनी विचारलं, दुसऱ्या कोणा भावजयीने पट्ट्या खिडकीत ठेवल्या असत्या तर तिला तुम्ही काय म्हटलं असतंत? मी म्हटलं, बिचारीने जेवढं येत होतं तेवढं केलं. मग खूप रडले. त्या घड्याळाकडे न बघता बसून राहिल्या.

मागच्या आठवड्यात सकाळी आईने चहा दिला. आलं जास्त झालं होतं. मी म्हटलं, आलं जास्त झालं. आई माझ्याकडे बघतच राहिली. मला चव कळली होती.

काजलला सांगा, आई येईल.

रिना


लोणखेडा
१० एप्रिल २०२५

चि. रिना हीस,

आईला सगळं सांगितलं. रोटाचंही. डॉक्टर काय म्हणाल्या तेही. सांगावं की नाही हे मला ठरवता येत नव्हतं, पण तुला पुढे वर्षभर गोळी घ्यायची आहे आणि या घरात श्रावण दर वर्षी येणार.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी त्यानं वाईट कराले सांगं का?" मी म्हटलं, नाही आई. ती म्हणाली, "मंग माले कोनी सांगं का नही, की ती गोई साखरनी गोईसारखी शे म्हनीसन? नथ्थूभाऊ रोटमा बी साखरनी गोई खास." नथ्थूकाका मधुमेहाची गोळी रोटातही खरंच खातात. त्यांना कोणी कधी अडवलं नाही. आईने त्यानंतर जेवण सोडलं होतं, दुसऱ्या दिवशी सीमाने भरवलं.

सीमाला सांगितलं नाही. पण ती घोरते.

काजल बरी आहे. वांगं खात नाही.

उमाकांत


खांडबारा
८ जून २०२५

ती. दादा यांना साष्टांग नमस्कार.

मी आता पूर्ण दिवस दुकानात बसते. विसरवाडीहून मालही एकटी जाऊन आणला. पहाटेची मालगाडी अजून जाते, मला कळत नाही. सुट्टीत काजल इथे होती, ती सांगायची तेव्हा कळायचं.

तुम्हाला काळजी होती ती वेळ येऊन गेली. आई म्हणाली, "आते बरी शे तू. कोनी देखं तर येडी म्हनतीन. आते बस कर." मी एक रात्र पट्टी हातात घेऊन बसले. खरं सांगते, मलाही सोडावीशी वाटली. माणूस बरा झाला की आजारी होता हे त्याचं त्यालाच खोटं वाटायला लागतं. ह्यांनाही असंच वाटलं असेल. मी गोळी घेतली. सकाळी आईला सांगितलं, ज्या दिवशी मॅडम म्हणतील त्या दिवशी. कुंदन म्हणाला, "आई, तू तुन्ही बीपीनी गोई बंद कर, मंग ती करी." आता दोघींच्या गोळ्या एकाच डब्यात असतात.

काजलला तुम्ही शाळा सुरू झाल्यावर पाठवून द्याल का? नाव इकडे घालते. मी सांभाळू शकेन. चेतना मॅडमनाही विचारलं, त्या हो म्हणाल्या.

एक विचारते, राग मानू नका. तुमच्या सगळ्या पत्रांत आई, सीमाताई, केळी, ठिबक, ऑफिस आहे. तुमचं काही नाही. ते माझे पती होते तसे तुमचे भाऊही होते. तुम्ही झोपता का?

रिना


लोणखेडा
२२ जून २०२५

चि. रिना हीस,

आज रविवार. सीमा आणि आई काजलला घेऊन सकाळच्या बसने निघाल्या, त्या आता तुझ्याकडे पोहोचल्या असतील. आईने तुझ्यासाठी मिरचीचा ठेचा स्वतः वाटला आहे. फार तिखट आहे. खाल्ला नाहीस तरी खाल्ला म्हण.

तू विचारलंस म्हणून लिहितो. मी झोपतो. मधूनमधून जाग येते. या महिन्यात मीही नंदुरबारला जाऊन आलो, घरी न सांगता. माझं असं व्हायला लागलं की ऑफिसात बसलो असताना एकदम दिनेश आठवतो आणि समोरचा कागद दिसत नाही. एकदा बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो. मला वाटलं, हा आजार आमच्या घरातच आहे, आता माझी पाळी.

मॅडमनी सगळं विचारलं. जेवण, झोप, काम होतं का, मरावंसं वाटतं का. मी सगळ्याची उत्तरं दिली. लहानपणी मी दिनेशला सायकलवर पुढच्या दांडीवर बसवून शहाद्याला न्यायचो, तो सगळा रस्ता घंटी वाजवायचा, हे त्यांनी विचारलं नव्हतं तरी सांगितलं. ते सांगताना मी हसलो, आणि मग डोळे पुसत बसलो. त्यांनी थांबू दिलं.

मग त्या म्हणाल्या, "तुम्हाला आजार नाही. तुमचा भाऊ गेला आहे."

मी विचारलं, "यावर काही गोळी?"

"यावर नाही," त्या म्हणाल्या. झोप सलग उडाली, कशातच मन लागेनासं झालं, जगणं नको वाटलं तर लगेच या, नाहीतर हे असंच येईल आणि जाईल, असं सांगितलं. किती दिवस, असं मी विचारलं नाही. बाहेर आलो, बसला वेळ होता, स्टँडवर उभा राहिलो. तुला गोळी आहे याचं मला त्या वेळी फार बरं वाटलं. दिनेशलाही होती, हे आठवलं. मग बस आली.

तुझी गोळी चालू ठेव. बाकी तुझं तू बघशील.

घरात आज कोणी नाही. इतकं शांत घर मी कधी पाहिलं नव्हतं. ओट्यावर आईची गोधडी तशीच पडली आहे. सीमाने ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर करून फडक्यात गुंडाळून ठेवली आहे आणि भाजी पातेल्यात आहे. दोन वाजून गेले. पत्र इथे संपवतो. उठतो, भाजी गरम करतो आणि जेवून घेतो.

उमाकांत